गॉर्टमध्ये न झालेला गोल

आयर्लंडला जाऊन आलो म्हटल्यावर आमच्या पेठेतले लोक पहिला प्रश्न विचारतात, "काय काय बघितलं?" त्यांना समुद्रात घुसलेले कडे, पडके किल्ले, मेंढ्या असं काहीतरी ऐकायचं असतं. ते सगळं तिकडे आहे. मुलानं गाडीतून दाखवलंही. पण दोन महिन्यांत मी खरं निरखून बघितलं ते एका गोलपोस्टला. त्यातही उजव्या खांबाला. त्याच्याशेजारी मी एक अख्खा सामना उभा होतो, आणि तिथं जे झालं त्यानं पुढचे तीन दिवस मला कुठं बसू दिलं नाही.

तसा मी बसणाऱ्यातला नाहीच. कोल्हापुरात शाळेत भूगोल शिकवला तो वर्गभर फिरत. निवृत्त झाल्यावर तर पायाला भिंगरीच लागली. तरुणपणी पेठेच्या संघात गोलकीपर होतो. बाहेरच्यांना सांगावं लागतं म्हणून सांगतो: आमच्याकडे फुटबॉल पेठेपेठेचा, तालमीतालमीचा असतो, आणि सामन्याच्या आठवड्यात सख्खे मेहुणे एकमेकांच्या घरी चहा पीत नाहीत.

लिमरिक

मुलगा निखिल लिमरिकला वैद्यकीय उपकरणांच्या प्लांटमध्ये इंजिनियर आहे. हृदयात घालायच्या नळ्या करतात तिथं. सून तन्वी सॉफ्टवेअरमध्ये. आमची सौभाग्यवती लेकीच्या बाळंतपणासाठी कोल्हापुरात थांबली, म्हणून मी एकटाच आलो होतो. घर सुरेख, उबदार आणि दिवसभर रिकामं. मी किचनमधली सगळी कपाटं उघडून बघितली. कपाटाला तिकडे 'प्रेस' म्हणतात. "बाबा, चहाचा डबा वरच्या प्रेसमध्ये आहे," असं तन्वी म्हणाली तेव्हा मी पाच मिनिटं इस्त्री शोधत होतो.

नात ईरा नऊ वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र त्यांच्या इंग्रजीत. एका संध्याकाळी ती वही बाजूला ठेवून म्हणाली, "आबा, यू आर आफ्टर वॉकिंग राउंड द टेबल सिक्स टाइम्स!"

'आफ्टर वॉकिंग' म्हणजे चालून झालंय, हे मला तिच्या आईनं समजावलं. मी सातवी फेरी पुरी करून बसलो.

त्याच रात्री जेवताना निखिल म्हणाला, "बाबा, शनिवारी काय करताय?"

"जे आज केलं तेच. काही नाही."

"मग गॉर्टला चला. पॉरिकला दोन न्यूट्रल माणसं हवी आहेत."

पॉरिक म्हणजे निखिलच्या प्लांटमधला मेंटेनन्सचा फिटर. पन्नाशीचा, लालबुंद, सुट्टीच्या दिवशी रेफरी. त्याच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक 'डी' आणि एक 'जी' आहे; ते काय काम करतात ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. न्यूट्रल माणसं हवी होती ती एका कपच्या फायनलसाठी.

हा कप ब्राझिलियन क्लबांचा. ब्राझील एवढा अवाढव्य देश, की तिथं देशाच्या स्पर्धेखेरीज ईशान्येकडच्या क्लबांचा वेगळा कप, उत्तरेकडच्यांचा वेगळा, असं चालतं. मांसाच्या कारखान्यांत कामाला म्हणून ही माणसं आयर्लंडच्या पश्चिमेला आली, ती ही सवय सोबत घेऊन आली. गावागावांत त्यांचे क्लब झाले आणि पश्चिमेतल्या क्लबांचा हा कप सुरू झाला. पेठांची भांडणं परदेशात नेऊन मांडावीत तसंच हे. ऐकूनच माझे तळवे शिवशिवले.

गॉर्ट, शनिवार

लिमरिकहून गॉर्ट तासाभराच्या आत येतं. वाटेत दगडांच्या बुटक्या भिंती, सिमेंट नाही, माती नाही, नुसते एकावर एक ठेवलेले दगड. पश्चिमेला बरेनच्या करड्या, उघड्याबोडक्या टेकड्या. भूगोलाच्या पुस्तकात चुनखडीचा प्रदेश वर्षानुवर्षं शिकवला आणि तो गाडीच्या काचेतून वीस मिनिटांत संपला.

गॉर्टच्या चौकात उतरलो तर एका दुकानावर ब्राझीलचा झेंडा. आत काळ्या घेवड्याच्या पिशव्या आणि तव्याएवढे सॉसेज. काउंटरवर गरम गरम चीजचे गोळे होते. दुकानातल्या बाईनं त्यांचं नाव सांगितलं, "पाँव जि केज्जू." 'पाव' ऐकून कान टवकारले. मी म्हटलं, आम्हीपण पावच म्हणतो. तिला ते इतकं आवडलं की एक जास्तीचा हातावर ठेवला. बाहेरून खरपूस, आतून चिकट. मिसळीबरोबर चालणार नाही, पण चहाबरोबर पळेल.

फायनल गॉर्ट आणि ट्रली यांच्यात होती. मैदान गावाबाहेर, वारा असा की टोपी धरून चालावं लागे. मागच्या वादळात एका गोलची जाळी फाटली होती, खांबाजवळ माणूस आरपार जाईल एवढं भोक. नवी जाळी आली नव्हती. यावर पॉरिकनं तोडगा काढला. त्यांच्या आयरिश फुटबॉलमध्ये गोलच्या खांबाशेजारी पांढरा कोट घातलेला पंच उभा असतो. तसा एकेक माणूस दोन्हीकडे उभा करायचा. चांगल्या जाळीपाशी निखिल, फाटक्या जाळीपाशी मी.

कोट घातल्यावर मी थेट दवाखान्यातला कंपाउंडर दिसू लागलो. निखिलनं फोटो काढून कोल्हापूरला पाठवला.

"मला दिसलं नाही तर मी तुला विचारीन," पॉरिकनं मला सांगितलं. त्याचं इंग्रजी मी पहिल्यांदा ऐकतो, मग मनात पुन्हा वाजवतो, तेव्हा कळतं. "दोनच उत्तरं. आत गेला तर गोल, बाहेर गेला तर गोल किक. मोठ्यानं ओरडून सांग."

मग त्यानं ट्रलीच्या कॅप्टनशी ओळख करून दिली. मार्सियो. वय एक्केचाळीस, ट्रलीच्या हॉस्पिटलच्या किचनमध्ये स्वयंपाकी. कानाशेजारी केस पांढरे, पोटऱ्या मात्र विशीतल्या. अठरा वर्षं आयर्लंडमध्ये काढून येत्या गुरुवारी तो कायमचा घरी चालला होता. या कपच्या फायनलमध्ये तीनदा हरलेला. आजचा शेवटचा.

त्यानं माझा हात हातात घेतला आणि डाव्या हाताच्या वाकड्या मधल्या बोटाकडे बघून म्हणाला, "गोलकीपर?"

माझं बोट बघून माझी ओळख सांगणारा कोल्हापूरबाहेरचा हा पहिलाच माणूस. मी मनातल्या मनात त्याच्याकडे झुकलो, हे लपवत नाही. न्यूट्रल वगैरे सगळं कोटापुरतं.

सामना चांगला झाला. धक्काबुक्की भरपूर, शिव्या पोर्तुगीजमध्ये असल्यामुळे गोड वाटत होत्या. पण गोल होईना. उत्तरार्धात ट्रली माझ्या बाजूच्या गोलवर चाल करत होती. शेवटची दहाएक मिनिटं राहिली असताना मार्सियो डावीकडून आत घुसला, समोरच्या बॅकनं त्याच्या पायात पाय घातला, आणि पडता पडता त्यानं बॉल मारला. मग बॅक त्याच्या अंगावर. दोघांच्या ढिगाऱ्याखालून त्याला काही दिसणं शक्यच नव्हतं, आणि कीपर उलट बाजूला तोंडावर पडला होता.

मला दिसलं. बॉल माझ्या खांबाच्या आतून गेला, वीतभर आतून, आणि जाळीच्या भोकातून बाहेर पडून मागच्या कुंपणात अडकला. लांबून बघणाऱ्याला तो सरळ खांबाबाहेरून गेला असंच वाटणार. पॉरिक धापा टाकत आला आणि वाऱ्यातून ओरडला, "गोल ऑर गोल किक?"

अहो, नाकासमोरून गेलेला बॉल! यात विचारायचं काय? मी हात उंचावून, छाती फुटेस्तोवर ओरडलो, "गोल की!"

पॉरिकनं मान हलवली आणि हात केला तो गोलसमोरच्या छोट्या चौकोनाकडे. गोल किक. मला वाटलं, त्यानं त्याआधी काही ढकलाढकली पाहिली असेल. मी "गोल! गोल!" म्हणून आणखी दोनदा ओरडलो, पण कीपरनं दुसरा बॉल ठेवून केव्हाच मारला होता, आणि पॉरिक त्याच्यामागं पलीकडच्या अर्ध्यात पळत होता. रेफरी आहे, त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं, असं म्हणून मी गप्प बसलो. हे गप्प बसणं पहिलं.

पेनल्ट्यांवर गॉर्ट जिंकलं. मैदानात ढोल, झेंडे, शिगांवर भाजलेलं मांस. मार्सियो मात्र बूट काढून गवतात बसला होता आणि फोनवर कुणाला तरी अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवत होता. एवढ्यानं चुकला. ती खूण कळायला पोर्तुगीज लागत नाही.

परतताना निखिल गाडी चालवत होता, पॉरिक त्याच्याशेजारी, मी मागे. पॉरिक मागं वळून म्हणाला, "फेअर प्ले टू यू," म्हणजे तिकडचं शाबास. " इतका वारा, पण तुझा आवाज खणखणीत आला. गोल किक!"

गोल की. गोल किक.

ज्यांना आमची भाषा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुण्यात जिथं 'ना' म्हणतात, तिथं कोल्हापुरात 'की'. जेवलास का? जेवलो की. येणार का? येणार की. त्यात शंका नसते, उलट विचारणाऱ्यालाच थोडं खडसावणं असतं. बॉल आत गेलाय, तर तो गोलच की. जन्मात दुसऱ्या शब्दानं खात्री दिली नाही मी, आणि त्याच शब्दानं त्या माणसाचा गोल खाल्ला.

आरशात निखिलचे डोळे दिसले. तोही कोल्हापूरचाच. त्याला सगळं कळलं होतं. त्यानं वायपर लावले. पाऊस पडत नव्हता.

मीही काही बोललो नाही. हे गप्प बसणं दुसरं, आणि याला कसलीही सबब नाही.

पुन्हा लिमरिक

घरी बूट काढता काढता निखिल म्हणाला, "बाबा, तुम्ही 'गोल की' म्हणालात ना?"

"म्हणालो की."

तो कपाळाला हात लावून जिन्यावर बसला. आधी हसला. मग म्हणाला, "हे बघा, झालं ते झालं. कप गॉर्टला गेला, फोटो पडले. पॉरिकला आता सांगून त्याला तोंडघशी कशाला पाडायचं? रोज त्याचं तोंड बघायचं असतं मला."

"आणि मार्सियो?"

"चाललाय तो गुरुवारी. विसरेल."

निखिल चुकीचं बोलत नव्हता. कप परत येणार नव्हताच. पण मी गोलकीपर होतो. हुकलेला बॉल माणूस विसरत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तो माणूस अठरा वर्षांचा संसार बॅगेत भरून घरी चालला होता आणि आपण शेवटचा बॉल बाहेर मारला असं समजत होता. ते खोटं होतं, आणि खरं काय ते अख्ख्या पृथ्वीवर एका माणसानं पाहिलं होतं.

रविवार आणि सोमवार मी शॅनन नदीच्या काठानं चालत काढले. तिकडे नदीवर हंस असतात. त्यांनाही दया आली असावी, कारण एक माझ्याबरोबर बरंच अंतर पोहत आला. घरी आलो की टेबलाभोवती. ईरानं मोजणं सोडून दिलं. पेपर उलटा धरलाय हे तन्वीनं दाखवलं.

सोमवारी संध्याकाळी बायकोचा फोन आला. लेकीचं, नातवाचं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आवाज असा का येतोय? काय झालंय तुमास्नी?"

सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यो गडी बेस्तरवारी जाणार न्हवं?"

"हो."

"मग आज कोन वार हाय? बसलाय कशाला? जावा की!"

ट्रली, मंगळवार

सगळे कामाला गेल्यावर चिठ्ठी लिहून मी बसस्टँड गाठला. ट्रलीची बस दोन तासांची. निम्म्या वाटेवर ॲबीफील नावाच्या गावात बस थांबली, दोन मिनिटं पाय मोकळे करावेत म्हणून उतरलो, आणि एका दुकानाच्या काचेतली मासे पकडायचे गळ बघत असताना माझी बस निघून गेली. भिंगरी म्हणतात ती ही. पुढच्या बसपर्यंत तो एकच रस्ता मी इतक्या वेळा खालीवर केला, की एका म्हाताऱ्यानं दारातून बाहेर येऊन "कुत्रं हरवलंय का?" असं विचारलं. चहा दिला. मोठा मग, आतला चहा काळाकुट्ट, दूध वेगळं.

ट्रलीला पोचलो तेव्हा दुपारची जेवणं उरकली होती. डोंगर ढगात गेलेले, बारीक झिमझिम. हॉस्पिटलच्या दाराशी केरळची एक नर्स भेटली, तिनं मला कँटीनमध्ये बसवून मार्सियोला बोलावणं धाडलं. तो डोक्याला जाळी लावूनच आला. मला ओळखायला त्याला क्षणभर लागलं. पांढरा कोट नव्हता ना.

त्याचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी दोन्ही लंगडी, म्हणून बोलणं मराठीतच देतो. मी टेबलावरची मिठाची आणि मिरीची कुपी घेतली, खांब म्हणून उभी केली. साखरेचा चौकोनी खडा बॉल. तो मिरीच्या कुपीच्या आतून ढकलला.

"शनिवारी," मी म्हणालो. "तुझा बॉल. आत होता."

तो खड्याकडे बघत राहिला. "तू गोल किक म्हणालास. मी स्वतः ऐकलं."

"मी गोल म्हणालो. माझ्या भाषेत."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

मी म्हणालो, "घाबरलो."

तो उठला. खुर्ची मागं सरकल्याचा मोठा आवाज झाला. किचनचं दार ढकलून आत गेला आणि दार त्याच्यामागं बराच वेळ हलत राहिलं. मला रडू येईल असं वाटलं, या वयात, परक्या कँटीनमध्ये. मी आलो होतो माझं ओझं उतरवायला आणि ते त्याच्या डोक्यावर ठेवून बसलो होतो. उठून जावं, तर निरोप घेतल्याशिवाय कसं जावं, अशी उठबस करत राहिलो.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. त्याच्या हातात ताट होतं. भात, त्यावर काळ्या घेवड्याची आमटी, बाजूला परतलेलं कसलंसं पीठ.

"खा," तो म्हणाला.

मी खाल्लं. आमटीत लसूण भरपूर, तिखट अजिबात नाही. आमच्याकडे हे आजाऱ्याला देतील. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं, मी ताट पुसून खाल्लं. तो समोर बसून बघत होता.

"किती आत?" त्यानं विचारलं.

मी टेबलावर वीत मांडली, अंगठा मिरीच्या कुपीला लावून. वाकड्या बोटामुळे माझी वीत थोडी तोकडी पडते, तेही सांगितलं. त्यानं माझ्या हाताशेजारी स्वतःचा पंजा पसरला. बघितलं. मग पंजा उचलला, पुन्हा ठेवला.

"एवढा? हा तर सरळ सरळ गोल."

"सरळ सरळ."

"आणि तू ओरडलास काय नक्की?"

मी सांगितलं. 'की'चा अर्थ समजावला, जेवलो की, येतो की. तो ऐकत गेला आणि हळूहळू त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. तो हसत होता.

"आमच्या गावात," डोळे पुसत तो म्हणाला, "प्रत्येक वाक्याच्या शेवटी आम्ही 'वाय' म्हणतो. येतो, वाय. खाल्लं, वाय. अर्थ काही नाही, म्हणजे अर्थातच असं. इथं आलो तेव्हा कारखान्यात सुपरवायझरनं विचारलं, रविवारी येशील? मी म्हणालो, येतो, वाय. तो भडकला. म्हणाला, व्हाय म्हणजे काय? मी सांगतोय म्हणून! महिनाभर त्यानं मला फरशी धुवायला ठेवलं."

मग त्यानं फोन काढला आणि वडिलांना लावला. पडद्यावर बनियनमधला एक म्हातारा आला, मागं कोंबड्या. मार्सियो भराभर बोलला. म्हाताऱ्यानं कान फोनला लावला, त्यामुळे आम्हाला फक्त कानच दिसत होता. मार्सियोनं फोन माझ्याकडे वळवला. कान गेला, डोळे आले.

"गोऊ?" म्हाताऱ्यानं विचारलं. तिकडे गोलला गोऊ म्हणतात.

मी वीत वर करून दाखवली आणि म्हणालो, "गोल की!"

"गोऊ, वाय!" म्हातारा ओरडला आणि मागच्या कोंबड्या उडाल्या. मार्सियोनं तोंड फिरवलं.

पॉरिकला सांगायचं मी माझ्याकडे घेतलं. दुसऱ्या दिवशी निखिलबरोबर जाऊन सांगितलंही. तो लाल होता तो आणखी लाल झाला, एक शिवी हासडली, आणि गॉर्टवाल्यांना आपणच फोन करतो म्हणाला. निखिलशी तो अजून बोलतो.

त्या मंगळवारी मार्सियो मला पोचवायला बसपर्यंत आला, डोक्याची जाळी तशीच. मी बसमध्ये चढून ड्रायव्हरमागच्या सीटवर बसलो, शेजारी पिशव्या घेतलेली एक आजीबाई. दार मिटायच्या आत मार्सियो खालून ओरडला, "गोऊ?"

मी अर्धा उठलो. "गोल की!"

दार मिटलं. तो फुटपाथवर दोन्ही हात वर करून उभा होता, बस वळेपर्यंत.

आजीबाईंनी पिशव्या मांडीवर सारख्या केल्या आणि विचारलं, "गोल किक, वॉज इट?"

"नो," मी म्हणालो. "गोल."